ड्वार्फ सिक्लिडचा रंग वारंवार उतरणे आणि मादी वारंवार दगावणे: कारण शोधण्याची पद्धत

ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले छोटे मासे, पाळणाऱ्यांची एक तक्रार इतकी ठरलेली आहे की तिचे पहिले वाक्य ऐकताच पुढची तीन ओळखता येतात. मासे आणले तेव्हा त्यांचे रंग झळाळत होते; दोन-तीन आठवड्यांत एका नराने सगळी टाकी आपल्या ताब्यात घेतली; मादी हीटरच्या मागे जाऊन उभी राहू लागली आणि तिचा रंग मातकट झाला; मग रंग वाढवणारे खाद्य सुरू केले, त्याने फरक पडला नाही, म्हणून मादी बदलली, आणि महिन्याभरात नव्या मादीचीही तीच गत झाली. या तक्रारीचे सहसा दोन तुकडे केले जातात. रंगाचा दोष खाद्याला दिला जातो आणि मारामारीचा दोष ‘हा नरच खुनशी निघाला’ असे म्हणून त्या नराला दिला जातो. माझ्या अनुभवात या दोन तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, कारण हे मासे आपली मनःस्थिती आणि टाकीतले आपले स्थान रंगानेच दाखवतात. म्हणून उपाय करण्याआधी रंग वाचायला शिकावे लागते, आणि हे वाचन तितकेसे अवघड नाही.

माशाच्या त्वचेतील सगळे रंग एकाच प्रकारचे नसतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. काळ्या रंगद्रव्याचे कण असलेल्या पेशी चेतासंस्थेच्या आणि संप्रेरकांच्या इशाऱ्यावर ते कण पसरवतात किंवा गोळा करतात, त्यामुळे काळे पट्टे आणि ठिपके काही क्षणांत गडद होतात किंवा नाहीसे होतात. लाल, नारिंगी आणि पिवळ्या छटांमध्ये कॅरोटिनॉइड द्रव्यांचा मोठा वाटा असतो. मासा ती स्वतः तयार करू शकत नाही, ती खाद्यातूनच मिळावी लागतात आणि त्वचेत साठायला आठवडे लागतात. निळी झळाळी तर रंगद्रव्यामुळे येतच नाही. ग्वानीनच्या सूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून प्रकाश परावर्तित झाल्यामुळे ती दिसते. यावरून एक साधा नियम निघतो. काल गडद असलेला मासा आज फिका दिसत असेल, तर त्याचे कारण खाद्य असूच शकत नाही. खाद्याची शंका तेव्हाच घ्यावी, जेव्हा लाल-पिवळा रंग महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू उतरत गेला आहे, काळ्या खुणा मात्र जशाच्या तशा आहेत आणि मासा निर्धास्त हिंडत आहे. अशा वेळी आर्टेमियाची पिल्ले, सायक्लॉप्स, डॅफ्निया हे सूक्ष्म जलजीव आणि अ‍ॅस्टाझँथिन हे कॅरोटिनॉइड असलेले खाद्य यांचा उपयोग होतो. इतर वेळी रंगाच्या खाद्याने फक्त पाणी बिघडते.

तेव्हा पहिला प्रश्न असा: एकच मासा फिका आहे की सगळे? निरीक्षण दिवा लावल्यानंतर निदान तासाभराने करावे, कारण रात्रभर विसावलेले मासे फिके आणि डागाळलेले दिसतात व त्यांना रंगात यायला वेळ लागतो. सगळे मासे एकदम फिके पडले असतील तर पाणी, तळ किंवा प्रकाश यांत कारण शोधावे. पांढऱ्या चकचकीत वाळूवर आणि झगझगीत दिव्याखाली हे मासे स्वतःहून फिके होतात. त्याच माशांना गडद तळ, तरंगत्या वनस्पतींची सावली आणि वाळलेल्या पानांचा थर दिला की काही दिवसांतच रंगाची खोली परत येते. एकच मासा फिका असेल आणि दुसरा दिमाखात पर उभारून फिरत असेल, तर पाण्याची तपासणी अवश्य करावी, पण उत्तर टाकीच्या मांडणीत मिळण्याची शक्यता जास्त.

पट्ट्यांची भाषा अ‍ॅपिस्टोग्रामा (थोडक्यात अ‍ॅपिस्टो) या प्रजातीत, म्हणजे जातींच्या गटात, सर्वांत स्पष्ट दिसते. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ रीगनने 1913 साली मांडलेल्या या दक्षिण अमेरिकी प्रजातीत आज नव्वदहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. निवांत असलेल्या माशाच्या डोळ्यापासून शेपटीपर्यंत साधारणपणे एक सलग आडवा पट्टा दिसतो. मासा दबला किंवा घाबरला की हा पट्टा तुटतो आणि त्या जागी पुसट उभे पट्टे उमटतात, पर अंगाला चिकटतात आणि मासा पाण्याच्या वरच्या थरात किंवा कोपऱ्यात तरंगत राहतो. तळावर राहणारा हा मासा वर का गेला, हा प्रश्न पडताच समजावे की तळावर त्याला जागा उरलेली नाही. याउलट मादी लिंबासारखी पिवळीजर्द होऊन तिच्यावरच्या काळ्या खुणा शाईसारख्या ठळक झाल्या, तर तिने गुहेत अंडी घातली आहेत किंवा ती घालण्याच्या बेतात आहे. नवखे पालक या पिवळ्या मादीला कधी आजारी समजतात, तर कधी ती वेगळ्याच जातीची असल्याचे मानतात. प्रत्यक्षात त्या क्षणी टाकीतली सर्वांत आक्रमक प्राणी तीच असते, मग तिच्यासमोरचा नर तिच्या दीडपट का असेना. अपुऱ्या जागेत तिने नराला पर फाटेपर्यंत झोडपून ठार केल्याची उदाहरणे शौकिनांना नवी नाहीत.

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया आणि कॅमेरून भागातला पेल्विकॅक्रोमिस पुल्चर, म्हणजे बाजारातला ‘क्रिबेन्सिस’, थोडा वेगळा बोलतो. येथे पुढाकार मादीचा असतो. तयारीत असलेल्या मादीचे पोट चेरीसारखे लाल-जांभळे होते आणि ती अंग धनुष्यासारखे वाकवून ते नराला दाखवते. पोटाचा हा रंग उतरलेला आणि मादी कायम आडोशाला, असे दिसले तर जोडी जमलेली नाही. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातील रॅम, ज्याचे वर्णन 1948 साली झाले, त्याच्या डोळ्यावरून जाणारा काळा पट्टा, अंगावरचे उभे पट्टे आणि कुशीवरचा काळा डाग यांची गडदता मनःस्थितीप्रमाणे बदलत राहते.

आणि नेमके इथेच रंगप्रकारांचा प्रश्न आडवा येतो. गोल्ड रॅममध्ये काळ्या खुणा जवळजवळ उरलेल्याच नाहीत. सुमारे 2009 पासून बाजारात दिसू लागलेल्या इलेक्ट्रिक ब्लू रॅममध्ये निळ्या झळाळीने सगळे अंग व्यापले आहे आणि तिच्याखाली पट्टे हरवले आहेत. अल्बिनो क्रिबेन्सिसचीही तीच कथा. हे मासे सुंदर नाहीत असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या खुणांवरून मासा ‘मी घाबरलो आहे’ असे सांगतो त्या निवडीच्या पैदाशीत पुसल्या गेल्यामुळे पालकाला संकट उशिरा कळते. अशा माशांत श्वासाची गती, परांची ठेवण आणि माशाने टाकीत निवडलेली जागा एवढ्यांवरच निदान करावे लागते. बलून रॅम हा प्रकार तर रंगाचाही नव्हे. पाठीच्या कण्याच्या विकृतीमुळे अंग आखडलेले असते, आतल्या अवयवांना जागा कमी पडते आणि पाठलाग सुरू झाला की हा मासा पळण्यातच हरतो. तो विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्यांदा ड्वार्फ सिक्लिड घेणाऱ्याने मूळ रंगरूपाच्या जवळचा प्रकार घ्यावा, हेही मी आग्रहाने सांगतो, कारण त्याच्यावर वाचन शिकता येते.

अ‍ॅपिस्टोग्रामा काकाटुऑइडिसच्या डबल रेड, ट्रिपल रेड, ऑरेंज फ्लॅश या प्रकारांबाबत परिस्थिती इतकी वाईट नाही. तेथे निवड परांवरच्या लाल-नारिंगी रंगाची झालेली आहे. ट्रिपल रेडमध्ये हा रंग शेपूट, पाठीचा पर आणि गुदपर या तिन्हींवर असतो, पण अंगावरचा पट्टा टिकून असल्यामुळे भाषा शाबूत राहते. अगासिझी या दुसऱ्या अ‍ॅपिस्टो जातीच्या लाल प्रकारांतही बहुतांशी असेच म्हणता येते.

रंग उतरण्याचे आणखी एक कारण असे आहे की त्यावर पालकाच्या हाती काहीच उपाय नसतो. जेमतेम तीन सेंटिमीटरचे रॅम किंवा अ‍ॅपिस्टो पूर्ण प्रौढ रंगात, सगळे एकसारखे भडक, आणि त्यांत एकही मादी दिसत नाही, असा घोळका समोर आला तर त्यांना नर संप्रेरक खाऊ घातले गेल्याची शंका घ्यावी. घरी आल्यावर काही आठवड्यांत हा रंग ओसरतो. त्यांतल्या काही ‘नरां’चे मूळ लिंग मादीचे असते आणि त्यांच्याकडून पैदास होत नाही. अशा माशांसाठी खाद्य आणि पाणी बदलत बसण्यात अर्थ नाही. ते जगतील तितके चांगले जगू द्यावेत आणि पुढच्या वेळी लहान वयात थोडे फिके असलेले मासे निवडावेत.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आकडे बहुतेकांना ठाऊक असतात आणि चुका ठराविक दोनच होतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत, नायट्रेट दर लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि रॅमसारखा मासा नव्या टाकीत कधीही सोडू नये. टाकी काही महिने मुरलेली असावी. पहिली चूक तापमानाची. रॅमला 27 ते 30 अंश सेल्सियस लागते आणि 24 अंशांत तो मलूल, फिका व रोगाला बळी पडणारा होतो; बोरेली मात्र पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला, तुलनेने थंड पाण्याचा अ‍ॅपिस्टो आहे आणि त्याला 22 ते 26 अंश मानवतात. दोघांना एका टाकीत ठेवले की एकाचा रंग उतरणारच, आणि मग कितीही वाचन केले तरी ते कोडे सुटत नाही. दुसरी चूक पीएचच्या मागे धावण्याची. टाकीत वाढलेले बहुतेक प्रकार 6 ते 7.5 या पट्ट्यात चांगले राहतात. जंगली बदामाची वाळलेली पाने आणि ड्रिफ्टवूड (पाण्यात मुरलेले लाकूड) यांनी जेवढे आम्ल पाणी मिळते तेवढे पुष्कळ झाले. दुर्लक्षित टाकीत पीएच 6 च्याही खाली गेला असेल तर एक वेगळाच धोका असतो. अशा पाण्यात अमोनियाचे विघटन करणारे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया तुलनेने निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात साठत जातो. पालकाने एके दिवशी उत्साहाने अर्धे पाणी बदलून पीएच 7 च्या वर नेला की त्याच अमोनियमचा काही भाग विषारी अमोनियात बदलतो आणि तासाभरात सगळे मासे पांढुरके होऊन धापा टाकू लागतात. अशी टाकी रोज दहा-पंधरा टक्के पाणी बदलत, आठवडाभर घेऊन, सावकाश ताळ्यावर आणावी.

आता मांडणीकडे वळू, कारण मादी वारंवार दगावण्याचे मूळ बहुधा येथेच असते. एका पंचाहत्तर सेंटिमीटर लांबीच्या टाकीत मी काकाटुऑइडिसचा एक नर आणि दोन माद्या ठेवल्या होत्या. दोन माद्यांसाठी दोन गुहा दिल्या आहेत म्हणून मी निश्चिंत होतो. दोन्ही करवंट्या शेजारी शेजारी, तोंडे समोरच्या काचेकडे, म्हणजे मला आत डोकावता यावे अशा बेताने मांडलेल्या. थोरली मादी पिवळी होताच धाकटी हीटरमागे गेली आणि दहा दिवसांत मेली. तिच्या जागी आणलेली दुसरी तशीच गेली. तिसऱ्या खेपेला मी माशांऐवजी सामान हलवले. एक करवंटी दुसऱ्या टोकाला नेली, तिचे तोंड बाजूच्या काचेकडे वळवले, मध्ये ड्रिफ्टवूडचा ओंडका पाण्याच्या निम्म्याहून वरपर्यंत उभा केला आणि त्याच्याभोवती जावा फर्न दाटीने बांधले. चौथ्या दिवशी धाकटी मादी तळावर उतरली आणि तिच्या अंगावरचा पट्टा सलग दिसू लागला. रंगाचे खाद्य त्या काळात मी पूर्ण बंद केलेले होते. मला स्वतःला गुहेचे तोंड दिसेनासे झाले, याची चुटपुट काही दिवस लागली, पण त्याला इलाज नव्हता.

या मांडणीचे तर्कशास्त्र असे की या माशांची मालकी तळावरची असते आणि नजर पोहोचते तेथपर्यंत असते. टाकीची उंची वाढवून किंवा एकूण लिटर मोजून उपयोग नाही; तळाचे क्षेत्रफळ आणि नजरेला पडणारे अडथळे मोजावेत. एका जोडीला साठ बाय तीस सेंटिमीटर तळ किमान समजावा, आणि काकाटुऑइडिस किंवा अगासिझीसारख्या एका नराला अनेक माद्या लागणाऱ्या जातीला नव्वद सेंटिमीटर लांबी द्यावी. गुहा माद्यांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त असाव्यात, तोंडे वेगवेगळ्या दिशांना असावीत आणि तोंड एवढेच असावे की मादी जेमतेम आत जाईल, नर जाणार नाही. निजसेनी ही अ‍ॅपिस्टोची जात आणि क्रिबेन्सिस जोडीने राहतात. त्यांच्याबरोबर जास्तीच्या माद्या ठेवणे म्हणजे त्या माद्यांवर अन्याय आहे. टाकीच्या वरच्या थरात पेन्सिलफिश किंवा एम्बर टेट्रासारखे शांत मासे सात-आठ असतील तर त्यांना निर्धास्त फिरताना पाहून सिक्लिडही बाहेर येतात आणि नराचे लक्ष थोडे वाटले जाते. कोरिडोरास हे तळावरचे छोटे मासे मात्र पिल्ले राखणाऱ्या क्रिबेन्सिसबरोबर ठेवू नयेत. त्यांना धमकीची भाषा कळत नाही, ते अंधारात सरळ घरट्यात शिरतात आणि डोळे व पर गमावतात.

नवा मासा सोडतानाही क्रम पाळावा. दांडगट नराला तीन-चार दिवस वेगळ्या टाकीत किंवा जाळीच्या आड ठेवावे, दरम्यान ओंडके आणि गुहा हलवून जुन्या सीमा मोडाव्यात, नवी मादी दिवा बंद असताना सोडावी आणि तिने जागा निवडल्यावरच नराला परत आणावे. त्याच मांडणीत नुसती नवी मादी सोडणे म्हणजे आधीच्या प्रयोगाची पुनरावृत्ती होय.

एवढे करूनही ‘माद्या’ एकमेकींना किंवा नराला फाडत असतील तर त्या खरोखर माद्या आहेत का, ते तपासावे. अ‍ॅपिस्टोचे कोवळे नर माद्यांसारखेच दिसतात आणि मोठ्या नराच्या दबावाखाली ते आपला रंग महिनोन्महिने दडवून ठेवतात. बहुतेक जातींत मादीच्या पोटाकडच्या परांची पुढची कड काळी असते. नराची सहसा तशी नसते. रॅममध्ये मादीचे पोट गुलाबी असते आणि कुशीवरच्या काळ्या डागात निळे ठिपके असतात, पण काही पैदाशींत नरांतही ते ठिपके दिसतात, म्हणून गुलाबी पोट हीच खूण धरावी. एकाच विणीतली पिल्ले घेतली असतील तर ती सगळी नर निघण्याचीही शक्यता असते. अ‍ॅपिस्टोग्रामात पिल्लांचे लिंग वाढीच्या सुरुवातीच्या आठवड्यांतील तापमानावर आणि काही जातींत पीएचवरही अवलंबून असते, हे 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले; पाणी जितके उबदार तितके नर जास्त. क्रिबेन्सिसमध्ये आम्ल पाण्यात नरांचे प्रमाण वाढते.

स्वभावाच्या बाबतीत जातीजातींत फरक आहेच. बोरेली आणि बोलिव्हियन रॅम सौम्य, काकाटुऑइडिस धीट पण समजूतदार, अगासिझी पाण्याच्या चुकांना कमी माफ करणारा, आणि क्रिबेन्सिस एरवी सभ्य परंतु पिल्ले असताना साठ सेंटिमीटरच्या टाकीत दुसऱ्या कोणालाही न राहू देणारा. लाल किंवा निळा प्रकार घेतल्याने हा स्वभाव बदलत नाही.

शेवटी आजाराची शंका. मासा फिका होण्याऐवजी काळवंडला, एकटा पडला, पोट आत गेले, खाद्य तोंडात घेऊन थुंकू लागला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबू लागली, तर आतड्यातील कशाधारी (चाबकासारखे तंतू असलेल्या सूक्ष्म) परजीवींची शक्यता मोठी असते. अशा माशाला तत्काळ वेगळे करावे आणि तो खात असेपर्यंतच मेट्रोनिडॅझोल खाद्यातून द्यावे, कारण खाणे सुटल्यावर औषध पोटात पोहोचवणे कठीण होते. मात्र दबलेल्या माशालाच हा आजार आधी गाठतो, त्यामुळे औषधाने बरा झालेला मासा त्याच मांडणीत परत सोडू नये.

अ‍ॅपिस्टोच्या मादीजवळ पिल्ले असताना नर कोपऱ्यात अडकलेला दिसला तर मादीला आणि पिल्लांना हात लावू नये, नरालाच बाहेर काढावे. त्याला परत कधी सोडायचे, यासाठी दिवस मोजण्याऐवजी मादीकडे पाहावे. तिचा पिवळा रंग करडा होऊ लागला, काळे ठिपके विरले आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंतचा सलग पट्टा परत आला की नराला संध्याकाळी, दिवा बंद केल्यावर सोडावे. दुसऱ्या दिवशी दुपारी नराच्या अंगावर उभे पट्टे दिसले, तर त्याला आणखी आठवडाभर बाहेर ठेवावे.